ओट्याला टेकवलेलं पायडल

इसाक मिस्त्रीला मी जिथे अडाणी म्हणालो ती जागा मेहरूण तलावाच्या काठावर आहे, चहाच्या टपरीपासून दहा पावलांवर. रोज सकाळी मी तिथूनच सायकलवरून जातो. जायला दुसरा रस्ता आहे, पण तो मी घेत नाही. आपल्याला तेवढी शिक्षा तरी असावी, असं मी मनाशी म्हणतो. खरं सांगायचं तर दुसऱ्या रस्त्याला खड्डे फार आहेत.

मी गणिताचा मास्तर. जळगावातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं फळा झिजवला. स्वभाव तापट, वर्गात मला पोरं मागून फुटाणा म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पंचेचाळिशीत साखर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला, मला चालायचा कंटाळा म्हणून सायकल घेतली. आपल्याकडे माणसाला कशातलं थोडं कळू लागलं की तो लगेच शिकवायला बसतो. मी तर सरकारमान्य शिकवणारा. तीन वर्षांत तीस जणांच्या ग्रुपचा मी गुरू झालो होतो.

इसाकभाई या ग्रुपचा मिस्त्री. म्हणजे त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण सगळ्यांच्या सायकली त्याच्याकडेच जायच्या. मेहरूणमध्ये मशिदीच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान, पत्र्याचं, रुंदीला दोन सायकली आडव्या राहतील एवढं. अकराव्या वर्षी बापाशेजारी बसून तो पंक्चर काढायला शिकला. तेव्हाच्या सायकली काळ्या, जड, मागे दुधाचे कॅन नाहीतर केळीचे घड लादलेल्या. मग मोटारसायकली आल्या आणि इसाकभाईच्या दुकानात माश्या उरल्या. त्या वर्षांत त्याने स्टोव्ह दुरुस्त केले, कूलरच्या जाळ्या वेल्ड केल्या, लग्नाच्या मंडपाचे पाइप वाकवून दिले, पण दुकानावरची 'सायकल मार्ट' ही पाटी काढली नाही. नूरबी, त्याची बायको, साड्यांना फॉल-पिको करून घराला हातभार लावायची. पुढे डॉक्टर आणि इंजिनियर लोकांना गिअरच्या सायकलींचं वेड लागलं आणि त्या महागड्या सायकली घेऊन ते इसाकभाईच्या दारात उभे राहिले. त्याने त्या आधी कधी पाहिल्याही नव्हत्या. पहिली आली ती त्याने दोन दिवस नुसती बघितली. तिसऱ्या दिवशी सगळी उघडली, चौथ्या दिवशी सगळी जोडली, आणि एक स्क्रू उरला नाही.

घरात हिंदी, गिऱ्हाइकाशी खानदेशी, असं त्याचं बोलणं. बोलायचाही कमीच. सायकल हातात घेण्याआधी हात पुसायचा, चाक फिरवून त्याला कान लावायचा. त्याची एकच कटकट होती. आमच्या सायकलींना स्टँड नसतो. मग आम्ही काय करतो, तर ओटा, फुटपाथ, पायरी दिसली की डावं पायडल मागे फिरवून त्यावर टेकवतो, की सायकल उभी. सगळ्या जिल्ह्यात हीच पद्धत. इसाकभाईला ते बघवायचं नाही.

"सर, सायकल पायडलवर उभी नका करू," तो म्हणायचा. "एक पायवर माणूस तरी कितला येळ उभा राही?"

मी हसायचो. त्याच्या दुकानात छताला दोन आकडे होते, सायकल त्यांना लटकवूनच तो काम करायचा. इतरांनीही घरी आकडे लावावेत अशी त्याची अपेक्षा असावी.

दिवाळीच्या सुमारास मी पॉवर मीटर मागवला. ज्यांना सायकलीचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक. डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला आगपेटीपेक्षा लहान एक डबी चिकटवलेली असते. पाय दाबला की तो दांडा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. तेवढं वाकणं ती डबी मोजते आणि हँडलवरच्या पडद्यावर आकडा दाखवते, इतके वॅट. वारा समोरून असो की पाठीमागून, चढ असो की उतार, आपण किती जोर लावला ते कळतं. गणिताच्या माणसाला आणखी काय हवं? "वेग फसवतो, दम फसवतो, आकडा फसवत नाही," असं वाक्य मी तयार केलं आणि रोज निदान एकदा कुणाला तरी ऐकवू लागलो.

मीटर मी माझ्यासाठी घेतला होता, पण त्या हंगामापुरता तो मी दिपमालाला दिला. दिपमाला पहूरची. जळगावला मामाकडे राहून बारावी करत होती, आणि सायकल अशी चालवायची की आमच्या ग्रुपमधले चाळिशीचे डॉक्टर मागून हाका मारायचे, अगं थांब. जानेवारीत धुळ्याला एकोणीस वर्षांखालच्या मुलींची विभागीय निवड चाचणी होती. वीस किलोमीटर, एकटीने, घड्याळाविरुद्ध. पहिल्या तिघींना पुढे राज्याच्या शिबिरात आणि खेळाडूंच्या वसतिगृहात जागा. तिच्या वयाच्या हिशेबाने ही शेवटची संधी. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, निवड झाली तर खेळ, नाहीतर गावी ये.

इसाकभाईने तिच्या सायकलीचा डावा क्रँक काढून माझा मीटरवाला बसवला. किती आवळायचं ते मी मोबाइलवर वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि आधीच तेवढं आवळलेलं दाखवलं. मग विचारलं, "आनि उजवा पायनं कोन मोजस?"

"डाव्याची दुप्पट धरायची, इसाकभाई."

"म्हंजे अर्धा माल अंदाजपंचे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मिशीत हसला.

मला ते हसणं आवडलं नाही.

मीटर वापरण्याआधी दर वेळी त्याला शून्य दाखवावं लागतं. क्रँकवर काहीच भार नाही असं धरून मोबाइलवर एक बटण दाबायचं, म्हणजे तो तिथून पुढे मोजायला लागतो. पहिल्या दिवशी ते बटण मी दुकानातच दाबलं, सायकल आकड्यांना लटकलेली असताना. तिथूनच दिपमाला शिरसोलीच्या रस्त्याला गेली, वीस मिनिटं पूर्ण जोर लावून परत आली. सरासरी दोनशे वॅट. दुकानाच्या दारात मी त्या आकड्यावर बोट ठेवून इसाकभाईला दाखवलं. त्याला त्यातलं काय कळणार, असं वाटूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे माझ्या घरी येऊ लागली. सायकल ओट्याला लावायची, म्हणजे डावं पायडल पायरीवर टेकवून, आणि मी मोबाइल काढून शून्य करायचो. देवपूजा करावी तसं करायचो, रोज, न चुकता. ॲप हिरवी खूण दाखवायचं. मग ती निघायची.

आणि आकडा कोसळला. एकशे बहात्तर. एकशे पासष्ट. एक दिवस एकशे ऐंशी, लगेच पुन्हा एकशे अडुसष्ट. दोनशे काही परत दिसेनात.

"सर, मी तेवढंच दाबतेय," ती म्हणायची.

"आकडा काय सांगतो?"

ती पुन्हा सायकलवर बसायची. आकड्यापुढे ती काय बोलणार? मी सराव वाढवला. पहूरच्या रस्त्याला आठवड्यातून तीनदा, नेरीच्या पुढे चढावर पाच पाच वेळा. रात्री मोबाइल बघतेस, म्हणालो. खात नाहीस, म्हणालो. तुझं मन लागत नाही, हेही म्हणालो, आणि एकदा तिच्या मामासमोर म्हणालो. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. ते मला दिसत होतं, पण मी पडद्याकडे जास्त बघत होतो.

शेवटी माझ्या डोक्यात दुसरी शंका आली. पोरगी कामचुकार नसेल तर मीटर बिघडला असेल, आणि मीटर बिघडला असेल तर तो बसवणाऱ्याने बिघडवला असेल. तिसरी शक्यता मला सुचली नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी वर्गात पोरांना पन्नास वेळा ऐकवली असेल.

इसाकभाईने सायकल बघितली. क्रँक काढला, पुसला, परत बसवला. डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही सगळे तलावाकाठी जमलो होतो, तो स्वतः सायकल घेऊन तिथे आला. तीस माणसं चहा पीत उभी. दिपमालाही होती.

"मीटर बराबर शे," तो म्हणाला. "पोर बी बराबर शे. सर, तुम्ही झिरो कोठे करतस, माले एक डाव दखाडा."

त्याच्या आवाजात काहीही वावगं नव्हतं, हे मी आता शपथेवर सांगेन. पण तीस माणसांसमोर पंक्चरवाला मला, गणिताच्या मास्तराला, शून्य कुठे करता विचारतो? माझा फुटाणा झाला. मी म्हणालो, "इसाकभाई, हे पंक्चर नाही. हे इलेक्ट्रॉनिक काम आहे. अडाणी माणसाने यात हात घालायचा नसतो, माझंच चुकलं."

कुणीतरी हसलं. बहुतेक जण चहाच्या ग्लासात बघत होते. इसाकभाईने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, धरून ठेवलेलं सायकलचं सीट दिपमालाच्या हातात दिलं.

"बरं सर," तो म्हणाला आणि चालत गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. घरी येऊन मी ग्रुपवर मेसेज टाकला, की पॉवर मीटर किंवा महागडं काम असलेल्या सायकली मेहरूणला देऊ नयेत, अनुभव चांगला नाही. खाली पंधरा अंगठे आले. गावात एक नवं काचेचं दुकान उघडलं होतं, ग्रुप हळूहळू तिकडे वळला.

चाचणीच्या चार दिवस आधी नूरबी आमच्या घरी आली. सुलक्षणा, माझी बायको, तिच्याकडून साड्यांना फॉल लावून घेते, त्या घेऊन आली होती. साड्यांबरोबर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. लोखंडी कोनाचा चार पायांचा ठेंगणा स्टँड, नुकता हिरवा रंग दिलेला, वर दोन खाचा असलेले हात.

"त्यांनी दिलंय," ती सुलक्षणाला म्हणाली. "म्हणे सरांना सांग, सायकल यावरच उभी करा. दुसरीकडे नको."

मी आतल्या खोलीतून ऐकलं. मस्का लावतोय, मी मनात म्हणालो. धंदा बसला म्हणून आता मस्का. बाहेर गेलो नाही. नूरबीने चहाही घेतला नाही. तो स्टँड मी जिन्याखाली सरकवला.

धुळ्याला चाचणी गावाबाहेरच्या बायपासवर होती. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, थंडी चांगली. ओटा नाही, पायरी नाही. सायकल टेकवायला काही नव्हतं म्हणून दिपमालाने एका हाताने सीट धरून ती सरळ उभी ठेवली, क्रँक मोकळा लोंबत होता, आणि मी शून्याचं बटण दाबलं. अंग गरम करायला ती दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "सर, आज आकडा लवकर वर जातोय. काही न करता एकशे सत्तर दिसतात."

मी म्हणालो, "घाबरलीयस म्हणून. सुरुवातीला सगळ्यांना जोर येतो आणि शेवटी मरतात. एकशे पंच्याहत्तर धरायचे. त्याच्या वर गेलीस तर संपलीस. पाय काय म्हणतात ते ऐकू नकोस, आकडा बघ."

तिने तेच केलं. शिस्तीची पोर. वीस किलोमीटर तिने आकड्यावरची नजर हलवली नाही. सरासरी एकशे शहात्तर. चौथी आली, अकरा सेकंदांनी.

सायकलवरून उतरली तेव्हा तिला नीट धापही लागली नव्हती. तिसरी आलेली मुलगी रस्त्याच्या कडेला ओकत होती. दिपमाला माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मला दमच नाही लागला."

ते वाक्य मी परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत ऐकत होतो. मग मी त्याला उत्तर काढलं, की मोठ्या स्पर्धेचं दडपण, पोरीचं मन कच्चं. तिलाही तेच सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्याच आठवड्यात मीटर तिच्या सायकलीवरून काढून मी माझ्या सायकलीला लावून घेतला. बारावीची परीक्षा झाली आणि ती पहूरला गेली.

एप्रिलमध्ये ऊन चव्वेचाळीसला टेकलं आणि सुलक्षणाने माठ काढला. जिन्याखालचा स्टँड तिने बाहेर आणला होता, पण माठ काही त्यावर बसेना.

"अहो, हा माठाचा नाहीच," ती म्हणाली. "या खाचांत सायकलच अडकवायची असणार, नूरबी म्हणाली होती तशी."

मी बघितलं. त्या खाचा मागच्या चाकाच्या आसाला बरोबर बसणाऱ्या होत्या. सायकल त्यात ठेवली, ती ताठ उभी राहिली. दोन्ही पायडलं अधांतरी. सवयीने मी मोबाइल काढला, शून्य केलं. खाली एक बारीक अंक येतो, त्याच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मग मला का कोण जाणे वाटलं म्हणून सायकल उचलून ओट्याला लावली, डावं पायडल पायरीवर टेकवून, रोजच्यासारखी. पुन्हा शून्य केलं. अंक वेगळा. पुन्हा स्टँडवर, पुन्हा ओट्याला. दहा वेळा केलं. घामाने मोबाइल बोटांतून सटकत होता.

तराजूच्या पारड्यात आधीच पावशेर वांगी असताना काटा शून्यावर आणला, तर पुढे तोललेल्या प्रत्येक मालातून पावशेर गायब होणार. पायडल पायरीवर टेकलेलं असलं की सायकलीचा भार त्या क्रँकवर असतोच. मी रोज पहाटे तो भार आत घालून शून्य करत होतो. कधी वीस वॅट खाल्ले, कधी पस्तीस. दुकानात सायकल लटकलेली होती, म्हणून दोनशे. धुळ्याला ओटा नव्हता, म्हणून आकडा खरा, आणि खऱ्या आकड्यावर धावणाऱ्या पोरीला मी खोट्या आकड्याची वेसण घातली. मीटर बरोबर होता. पोरगी बरोबर होती. इसाकभाईने तलावाकाठी एवढंच म्हटलं होतं, आणि तिसरा कोण ते माझ्यावर सोडलं होतं.

काखेत कळसा म्हणतात तो हा. माझा तर तीन महिने जिन्याखाली होता.

आता इथे मी लगेच धावत मेहरूणला गेलो, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी गेलो नाही. मोबाइल खिशात घातला, सायकल आत घेतली आणि सुलक्षणाला म्हणालो, माठ दुसऱ्या कशावर ठेव. एप्रिल गेला, मे गेला. शून्य मी आता स्टँडवर करत होतो, इसाकभाईच्या लोखंडावर, आणि ग्रुपला सांगत होतो की माझे आकडे सुधारलेत. त्याच्या दुकानावरून जाताना मी मान खाली घालून गिअर बदलायचो. तो लहान मुलांच्या सायकलींना बाजूची चाकं लावत बसलेला दिसायचा. मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणजे आपण अगदीच वाईट नाही, असं समाधानही वाटायचं. माणूस किती हलका असतो बघा.

सप्टेंबरमध्ये त्या काचेच्या दुकानात चेन बदलायला गेलो होतो. तिथला कारागीर माझा क्रँक बघून म्हणाला, "सर, मेहरूणच्या म्हाताऱ्याने हातोडी मारून बिघडवला होता तो मीटर हाच ना? सगळे सांगतात."

हातोडी हा शब्द माझा नव्हता. हातोडी त्या गोष्टीने नऊ महिन्यांत स्वतः मिळवली होती. पण गोष्ट माझी होती. चेन तशीच ठेवून मी मेहरूणला गेलो.

इसाकभाई एका ट्यूबला पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओटा, पायरी, शून्य, धुळे, एप्रिल. वर्गात उलटी उजळणी म्हणणाऱ्या पोरासारखा मी अडखळत होतो. त्याने ट्यूब बाजूला ठेवली.

"माले माहित व्हतं," तो म्हणाला. "तुमना ओटावर मी सायकल दखेल शे. पन मनं तुम्ही आयकतस कोठे? म्हनीसन लोखंड धाडं."

"मी ते जिन्याखाली टाकलं, इसाकभाई."

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "चूक मन्ही बी शे. तठे तलाववर मी जोरमा बोलतू, तं पोर वाचती. माले राग उना आनि मी निंघी गऊ."

ज्याला मी चारचौघांत खाली पाहायला लावलं, तो माझ्यासमोर बसून आपली चूक शोधत होता. मला तिथे बसवेना. मी माफ करा म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

"दिपमालाले सांगं का?"

"नाही."

"मंग आठे कसाले उनात? आधी तिले सांगा."

पहूरला मी बसने गेलो. सायकलवर जायची हिंमत झाली नाही. दिपमाला बसस्टँडजवळच्या एका औषधाच्या दुकानात कामाला लागली होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरच्या अलीकडे उभा राहून मी तिला सगळं सांगितलं. ती गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचत होती. माझं बोलणं संपलं तरी ती रचतच होती.

"म्हणजे मला दम लागला नाही, ते बरोबर होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मी घरी सांगितलंय सर, की मी कमी पडले. आईला मी सांगितलं, माझ्यात तेवढा जोरच नाही." मग पाकिटांवरचा हात थांबला. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये."

तिने दुकानातल्या कॅलेंडरकडे बघितलं. तिने चार शब्द सुनावले असते तर मी ते घेऊन घरी गेलो असतो. वयाची अट संपली होती, वसतिगृह दुसऱ्या मुलीला मिळालं होतं, आणि त्यावर मास्तरांकडे कुठलाही उपाय नव्हता. निघताना मी एवढंच म्हणालो, की सायकल घेऊन एकदा मेहरूणला ये, इसाकभाईने बोलावलंय. त्याने बोलावलं नव्हतं. हेही मी खोटंच बोललो.

पुढच्या रविवारी तलावाकाठी, त्याच जागेवर उभं राहून मी तीस जणांना सांगितलं. अडाणी कोण होतं ते सांगितलं, हातोडी कुणी मारली नव्हती ते सांगितलं, ग्रुपवरही लिहिलं. खाली अंगठे आले, डिसेंबरपेक्षा दोन जास्त. एकाने विचारलं, सर मग मीटर कोणत्या कंपनीचा घ्यावा? इसाकभाई तिथे नव्हता. तो रविवारी तलावावर येणं कधीच सोडून बसला होता. मी जे बोललो ते त्याच्या गैरहजेरीतच बोललो. त्याला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं सर." अगदी त्या दिवशीसारखं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिपमाला आली. सायकल मामाच्या टेम्पोतून आणलेली, टायर बसलेले, चेनला गंज. दोघं माझ्याकडे न बघता कामाला लागले. इसाकभाईने टायर भरले, चेन धुतली, माझ्या सायकलीचा क्रँक काढून तिच्या सायकलीला लावला. मग सायकल आकड्यांना तशीच लटकत न ठेवता त्याने ती खाली उतरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"सर, धरा."

मी सीट आणि हँडल धरून सायकल ताठ उभी केली. पायडलं मोकळी. शून्याचं बटण या वेळी दिपमालाने दाबलं. ती शिरसोलीच्या रस्त्याला गेली आणि आम्ही दोघं दारात बसलो. वीस मिनिटं आणि वर थोडी. नूरबीने चहा पाठवला, तो मी प्यालो.

परत आली तेव्हा ती धापा टाकत होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे, हँडलवर वाकलेली. मी उठून सायकल धरली. तिने पडद्याकडे बोट केलं, तिला बोलता येत नव्हतं. सरासरी एकशे अठ्ठ्याहत्तर. मी जी तिची हद्द म्हणून ठरवून दिली होती तिच्या तीन वर, आठ महिने सायकलला हात न लावता.

इसाकभाईने चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. मग मला विचारलं, सरळ, जसं एखादा विद्यार्थी विचारतो.

"आते इतला शे. मंग तवय कितला व्हई, सर?"

दिपमालाही माझ्याकडे बघत होती. गणित सोपं होतं, उत्तर मला येत होतं. याच दारात दोनशेच्या आकड्यावर मी स्वतः बोट ठेवलं होतं. मी सायकल धरून उभा राहिलो.